पाळण्याची चौथी बाजू

मंगळवारी सकाळी नऊला दादा मशीनवरून उठला, स्वयंपाकघरात आला, पाणी मागितलं आणि खुर्चीत बसला. मी पाणी घेऊन वळले तोवर तो बसल्या जागी गेला होता. पाळण्याच्या चार बाजूंपैकी तीन कापून झाल्या होत्या. चौथी मशीनवर होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सैन्यातून निवृत्त होऊन साताऱ्याला आला. वहिनी गेल्यावर आम्ही दोघं एकत्र राहू लागलो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेली, लग्न न केलेली. घराचा पुढचा भाग माझ्या पुस्तकांचा आणि मागची खोली त्याच्या मशीनची, अशी आमची न बोलता झालेली वाटणी होती. मशीन म्हणजे लाकडात जाळी कापायची करवत. दोऱ्यासारखं बारीक पातं वर-खाली होतं आणि माणूस फळी हळूहळू फिरवत राहतो. मधली नक्षी कापायची तर आधी फळीला भोक पाडायचं, पातं एका टोकाने सोडवून भोकातून ओवायचं, परत ताणून बसवायचं आणि मग कापायचं. एका राघूच्या डोळ्यासाठी दादा हे सगळं करायचा. शिवणयंत्रासारखा आवाज यायचा. वाचताना मला तो आवाज ऐकू येईनासा झाला होता. तो थांबला तेव्हापासून ऐकू येतो.

दादाची एकुलती एक मुलगी सांगलीला असते. तिला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात दादाने सागाची फळी आणली. पाळणा माहेरचा असतो, आणि तिचं माहेर म्हणजे आम्ही दोघंच. पण बाळ यायच्या आधी पाळणा जोडायचा नाही, असं तिच्या सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं.

"दादा, आवं रिकामा पाळणा घरात नगं. बाळ आल्यावर बघू."

"पाळणा कुठं करतोय," दादा म्हणाला होता. "चार फळ्या कापतोय. फळ्यांना काय होतंय?"

म्हणून चारही बाजू सुट्ट्या कापून ठेवायच्या आणि बाळ झालं की सांगलीच्या मिस्त्रींनी खांबांच्या खाचांत बसवायच्या, असं ठरलं. मिस्त्री म्हणजे दादाला लाकूडकाम शिकवणारे म्हातारे कारागीर. दोन लांब बाजूंवर वेल होती. दोन आखूड बाजूंवर समोरासमोर बसलेले राघू आणि मधे द्राक्षाचा घड, कारण जावयाचं गाव तासगाव. चित्रं दादाने स्वतः काढली होती. कागदावर पेन्सिलने काढायचा, तो कागद खळीने फळीवर चिकटवायचा आणि रेघेवरून कापायचा.

तेरावा झाला. मुलगी सातवा महिना लागलेला म्हणून लगेच परत गेली. मागच्या खोलीत ती पाऊल टाकू शकली नाही. मीही भीतीमुळे त्या खोलीला कडी लावून ठेवली होती. ती गेल्यावर उघडली.

फळी मशीनच्या पाटावर होती. डाव्या राघूची शेपटी, पंख, पाठ आणि मान कापून झाली होती. उजवा राघू आणि घड नुसता रेघेत होता. उजव्या राघूच्या चोचीपाशी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथे सावकाश'. आणि पातं सैल केलेलं होतं.

ह्या एका गोष्टीने मला आजवर स्वस्थ बसू दिलेलं नाही. दादा चहाला उठला तर पातं तसंच ताणलेलं ठेवायचा. दिवसाचं काम संपलं की मगच ताण सैल करायचा. त्या दिवशी सकाळचे नऊ वाजले होते. त्याला काय कळलं होतं? कळलं होतं तर हाक का मारली नाही? खोलीतून निघायचं, पुढच्या खोलीत पुस्तक उघडायचं, तेच पान दोनदा वाचायचं आणि परत मागच्या खोलीत जाऊन पातं ताणायच्या स्क्रूला हात लावून बघायचा, असे माझे दिवस जात होते.

अशाच एका दुपारी मुलीचा फोन आला.

"आत्या, चौथी झाली होती का गं बाबांची?"

तिचा आवाज रडून बसलेला होता. मी म्हणाले, "झाली होती."

"खरंच? चारही?"

"चारही."

पलीकडे तिने इतका मोठा श्वास सोडला की मला फोन ठेवल्यावरही तो ऐकू येत राहिला. खोटं बोलायची मला सवय नाही. ग्रंथालयात मी हरवलेल्या पुस्तकासमोर 'हरवले' असंच लिहीत आले. पण बोलून गेले होते आणि आता ते खरं करणं भाग होतं. कुणा सुताराकडून उरलेलं कापून घेऊ, असा विचार केला. मग लक्षात आलं की कापून झाल्यावर तो वरचा कागद घासून टाकणार. दादाही तसंच करायचा. आधीच्या तिन्ही बाजूंचे कागद असेच गेले होते. म्हणजे 'इथे सावकाश' ही अक्षरंही भुसा होऊन जाणार.

कागद आधी सोडवून घ्यावा, त्याची नक्कल काढावी आणि ती फळीवर चिकटवावी, असं मी ठरवलं. जुन्या पुस्तकांवरची लेबलं मी जन्मभर सोडवत आले आहे. ओलसर टिपकागद ठेवायचा, वाट बघायची, कोपरा सुटला की हलकेच उचलायचा. मी तेच केलं. टिपकागद नव्हता म्हणून पंचा भिजवून पिळला आणि फळीवर पसरला. दर तासाला बघत होते. खळ घट्ट होती. परत भिजवला. संध्याकाळी कागद न फाटता निघाला, एक अक्षरही पुसलं नाही. तो पाटावर वाळत घालताना मला त्या महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

सकाळी फळी पन्हळीसारखी वाकलेली होती. एका अंगाने पाणी प्यालेलं लाकूड असं वाकतं, हे लहान पोरालाही कळेल. मला कळलं नव्हतं. मग मी दुसरी चूक केली, तीही पुस्तकांचीच. वाकलेलं पुठ्ठ्याचं मुखपृष्ठ सरळ करतात तशी फळी दोन पाटांमध्ये घातली आणि वर शब्दकोशाचे जाड खंड रचले. एक, दोन, तीन. चौथा ठेवून मी चहा टाकायला गेले. आधण यायच्या आत मागून टक् असा आवाज आला.

डाव्या राघूची मान तुटली होती. चीर पंखापर्यंत गेली होती. दादाने कापलेला भाग होता तो.

मी फळी टॉवेलात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी सांगलीची एसटी धरली. कऱ्हाड सोडल्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळत होती आणि मी पुन्हा पुन्हा मांडीवरची गुंडाळी चाचपत होते. सांगलीत उतरल्यावर पदर डोक्यावरून घेतला. मुलीच्या सासरचं कुणी स्टँडवर भेटू नये एवढंच मनात होतं. सांगलीला जाऊन तिच्या घरी न जाण्याची ती माझी पहिली वेळ.

मिस्त्रींनी टॉवेल सोडला. बराच वेळ फळी उलटीपालटी केली. मग नाकाशी नेऊन वास घेतला.

"ताई, भिजवली का ही?"

"कागद काढायचा होता."

"आवं पुस्तक हाय का ते? लाकूड हाय लाकूड." मग माझ्या तोंडाकडे बघून आवाज खाली आणला. "बसा. पानी घ्या. प्यायचं पानी, फळीवर टाकायचं न्हवं."

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. त्यांनी वळून रंधा हातात घेतला, मला रडायला वेळ मिळावा म्हणून असेल.

"जोडता येईल का?" मी विचारलं.

"जोडतो की. भुसा आन् गोंद भरला तर दिसायचं बी न्हाई. पण पाळण्याला न्हाई चालायचं. पोर धरून हुबं ऱ्हातंय सातव्या-आठव्या म्हैन्यात. पहिला हात तितंच घालंल, मानंला. आन् तुटली तर खपली कुनाच्या डोळ्यात?"

"मग?"

"मग काय. दुसरी कापा."

"मी?"

"मी जाळी कापत न्हाई आता. हात हालतोय." त्यांनी हात पुढे धरून दाखवला. "मशीन तुमच्यात हाय. न्हाईतर साताऱ्यात कारखान्यांकडं लेझरवाला असंल, धा मिन्टात देतोय. त्याला काय मान न् काय चोच."

दादाने फळी त्यांच्याकडूनच नेली होती. त्याच फळीचे उरलेले दोन तुकडे त्यांनी काढून दिले. दादाने रंग जुळावा म्हणून सगळं एकाच फळीतून घेतलं होतं. "दोनच हायत," ते म्हणाले. "तिसरा मागाय येऊ नका."

मी आधी लेझरवाल्याकडेच गेले. तो भला माणूस होता. वाचवलेला कागद त्याने काचेवर ठेवला, पडद्यावर राघू मोठे झाले. तो म्हणाला, "मॅडम, लाईन लय हललीय हितं. सरळ करून घेऊ का? दोन्ही राघू सेम करून देतो." मी पडद्यावर बघितलं. डावा राघू किंचित जाड होता, उजव्याची चोच जरा जास्त वाकलेली होती. दादाचा हात होता तो. मी कागद परत घेतला आणि बाहेर आले. नंतर रिक्षात वाटलं, हा शहाणपणा नाही, हट्ट आहे. पण परत फिरले नाही.

मशीनखाली बेदाण्याची एक रिकामी पेटी होती. जावयाच्या घरून आलेली. दादा त्यात तुटके तुकडे टाकायचा, मी ते सरपण समजत होते. मशीन शिकायला काही वही सापडते का, हे बघताना ती पेटी ओढली. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलने लिहिलेलं होतं. दादाने सैन्यातली सवय सोडली नव्हती, काही बिघडलं की अहवाल द्यायचा.

'पातं उलटं बसवलं. फळी उडाली.'

'घाई.'

'गाठ होती. दिसत होती. तरी कापली.'

'फोनकडे लक्ष. बोट थोडक्यात वाचलं.'

'लाकडाची चूक नाही.' हे तीन तुकड्यांवर होतं.

तळाशी एक लहानसा तुकडा होता, पन्हळीसारखा वाकलेला. त्यावर लिहिलं होतं, 'कागद पाण्याने काढला. फळी वाकली. यापुढे घासून काढणे.'

मी तो तुकडा हातात घेऊन जमिनीवर बसून राहिले. दादा एकदा ही चूक करून बसला होता आणि लिहून माझ्या पायापासून चार हातांवर ठेवून गेला होता. आमच्या आईने आम्हा दोघांनाही कागद जपायला शिकवलं होतं. वाणसामानाच्या पुड्यांचे कागदसुद्धा ती ओल्या हाताने सरळ करून ठेवायची. हे तिच्याकडून आलेलं. त्याने एका फळीत सोडलं, मला साठीनंतरही सुटलं नव्हतं.

पेटीतले तुकडे क्रमाने लावले आणि त्यावरून शिकायला बसले. पहिल्या आठवड्यात प्लायवूडच्या तुकड्यांवर नुसत्या सरळ रेघा कापल्या. सरळ रेघ सगळ्यांत अवघड. पाती तुटत होती. एकदा पातं उलटं बसवलं, फळी थडथडून उडाली आणि माझ्या चष्म्यावर आली. मी मोठ्याने म्हणाले, "लिहिलं होतं ना!" आणि मग घरात कुणी नाही हे आठवलं. एकदा तर्जनी कापली, पण टाका घालावा लागला नाही, पट्टीवर निभावलं. मुलीचा फोन आला की मी दुसऱ्या हाताने फोन धरायची. फोनवर बोट दिसत नाही, हे कळत असूनही.

"आत्या, तू हल्ली धापा का टाकतेस?"

"झाडत होते."

खोट्याला खोटं जोडत गेले. एकदा 'सगळं सांगून टाकते' असं ठरवून फोन लावला आणि तिने "आज डॉक्टर म्हणाले ताण घेऊ नका" एवढंच सांगितलं. मी लोणच्याबद्दल बोलून फोन ठेवला.

पहिला सागाचा तुकडा मी डाव्या राघूपासून घेतला. पंख बरे आले. घड बरा आला. चार दिवस लागले. मग उजव्या राघूची चोच आली. नकलेवर मी 'इथे सावकाश' लिहून घेतलं होतं. सावकाश होते मी. इतकी सावकाश, की फळी एका जागी धरून ठेवली आणि पातं त्याच जागी घासत राहिलं, चोच करपली आणि गळून खाली पडली. सावकाश म्हणजे थांबणं नव्हे. हे त्याने लिहिलं नव्हतं, त्याच्या हाताला ते माहीत होतं.

एकच तुकडा उरला होता. त्या दिवशी जावयाचा फोन आला. मुलगा झाला. सगळं सुखरूप. बारसं बाराव्या दिवशी, आणि मिस्त्री सकाळीच पाळणा जोडायला घरी येणार.

त्या बारा दिवसांत मी नीट जेवले नाही. सात दिवस तर शेवटच्या तुकड्याला हातच लावला नाही. प्लायवूडवर नुसत्या चोची कापत राहिले. बाविसावी की तेविसावी चोच जमली तेव्हा आठवा दिवस होता. मग तुकडा घेतला आणि ह्या वेळी आधी चोच कापली. अवघड ते आधी. ती राहिली. बाकीचं तीन दिवसांत झालं. पंख हललेत, द्राक्षांचे मणी गोल नाहीत, एक तर चौकोनी म्हणावा असा आहे. कागद काचपेपरने घासून काढला. हातावर पांढरा भुसा आला, मी तो झटकला.

सांगलीत मिस्त्री माझ्या आधी पोचले होते. खांब उभे होते. त्यांनी तीन बाजू बसवल्या, चौथी हातात घेतली, उजेडात धरली. चौकोनी मण्यावर अंगठा फिरवला.

"चाललं," ते म्हणाले आणि खाचेत सरकवली.

मुलगी बाळाला घेऊन आतून आली. पाळणा बघून थांबली. एका हाताने ती एकेक बाजू चाचपू लागली, लांब बाजू, आखूड, लांब. चौथीपाशी हात थांबला. पुन्हा पहिल्या राघूकडे गेली, परत आली.

"आत्या, ही बाबांची नाही."

मिस्त्री हत्यारं गोळा करायला लागले.

"नाही," मी म्हणाले. "त्याची अर्धीच झाली होती. मी तुला खोटं सांगितलं. मग त्याचा कागद सोडवायला मी फळी भिजवली आणि ती माझ्या हातून मोडली. ही मी कापली."

बाळ कुरकुरलं, तिने ते खांद्यावर घेतलं. ती रागावली होती. तिच्या नाकपुड्या फुगल्या की कळतं, दादाच्याही फुगायच्या.

"ती मोडलेली कुठाय?"

"साताऱ्याला. मशीनवर."

"पेटीत टाकली नाहीस?"

तिला पेटी माहीत होती. माहेरी आली की ती तुकड्यांवरचं वाचत बसायची, हे मला तिने तेव्हा सांगितलं. इतकी वर्षं एका घरात असून मला माहीत नव्हतं.

"तिच्यावर काय लिहिलंस?"

"अजून काही नाही."

"मग लिही. बाबा लगेच लिहायचे. शिळं झालं की माणूस दुसऱ्यावर ढकलतो म्हणायचे."

तेवढ्यात सासूबाई वरवंटा घेऊन आल्या. त्याला कुंची घातली होती, काजळाची तीट लावली होती. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्यांनी तो ठेवला आणि बायका झोका द्यायला लागल्या. दगडच तो. दुसऱ्या की तिसऱ्या झोक्याला तो गडगडला आणि चौथ्या बाजूवर आदळला. ठप्प. राघूच्या छातीवर. मी डोळे मिटले.

"आवं ताई, डोळं उघडा," सासूबाई म्हणाल्या. "पाळणा हाय जागंवर."

मिस्त्री दारातून बघत होते. त्यांनी मान हलवली आणि चहाचा कप उचलला.

"बाळाचं डोकं कुनीकडं करायचं?" सासूबाईंनी विचारलं.

मुलीने दोन्ही आखूड बाजूंकडे बघितलं. "डोकं आजोबांकडे," ती म्हणाली. "पाय आत्याकडे. लाथा खाऊ दे तिला."

बायका हसल्या. मीही हसले. ती माझ्याकडे बघून हसली नाही, पण घुगऱ्या वाटताना माझ्या ओंजळीत तिने दोनदा घातल्या.

साताऱ्याला परत आल्यावर मी मोडलेली फळी उलटी केली आणि पेन्सिलने लिहिलं, 'कागद वाचवायला गेले. फळी गेली. लाकडाची चूक नाही.' चोच गळलेल्या तुकड्यावर लिहिलं, 'भीती. एका जागी थांबले.' दोन्ही पेटीत ठेवले.

पातं त्याने का सैल केलं होतं, ते मला अजून माहीत नाही. मी चहाला उठतानाही आता सैल करते.

पाळणा सांगलीत आहे, तीन बाजू दादाच्या, एक माझी. पेटीत चोवीस तुकडे आहेत, त्यांतले दोन माझे. दादाचा कागद मशीनसमोरच्या भिंतीला लावलेला आहे.